तालुक्याच्या नेटला दुसरी वाट हवी

लोकलने जाताना उल्हासनगर आणि अंबरनाथ ही लागोपाठची स्थानके. सरकारी संगणक जाळ्याच्या मूळ आराखड्यात मात्र या दोन तालुक्यांचा संवाद ठाण्यामार्गे वळसा घेऊनच होतो. केंद्र सरकारने मार्च 2005मध्ये 3,334 कोटी रुपयांची ‘स्वान’ (राज्यव्यापी संगणक जाळे) योजना मंजूर केली, तेव्हाच ही उतरंड ठरली : वर राजधानी, मग जिल्हा, मग तालुका, आणि प्रत्येक टप्प्याला किमान दोन एमबीपीएसची जोडणी. महाराष्ट्राचे ‘महास्वान’ याच साच्यातले. तेव्हाचा हिशेब चुकला नव्हता. ठाणे जिल्ह्यातले सात तालुके एकमेकांशी थेट जोडायचे तर 21 लाइन लागतात, ठाण्याला मध्यवर्ती ठेवले की सहांत भागते. राज्यातल्या 36 जिल्ह्यांसाठी हेच आकडे 630 आणि 35 होतात. पण आता सातबारा, दस्तनोंदणी, रेशन, दाखले हे सगळे लाइनवर अवलंबून आहे. म्हणून तालुक्याला जिल्ह्याकडे जाणारी दुसरी वाट असणे ही सोय न मानता अट मानायला हवी.

या अटीची निकड उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर पट्ट्यात सर्वांत आधी जाणवते. 2011च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांवर आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास होती, आणि वाढ त्यानंतरही थांबलेली नाही. शिवाय हा उल्हास नदीचा पट्टा. 26 जुलै 2005च्या पुराने बदलापूरची काय दशा केली ते इथले लोक विसरलेले नाहीत. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना सोडवावे लागले. अशाच दिवशी तहसील कार्यालयाला जिल्ह्याशी संपर्क सर्वांत जास्त लागतो. रेल्वे आणि कल्याण–बदलापूर रस्ता जवळजवळ एकाच पट्टीतून जातात. दोन कंपन्यांकडून दोन लाइन घेतल्या आणि दोन्ही केबल याच पट्टीत गाडल्या, तर एक पूर किंवा एका जेसीबीचा फावडा दोन्ही घेऊन जाईल. दुसरी केबल नेवाळी–काटई बाजूने गेली तरच तिला दुसरी म्हणता येते. निविदेत कंपन्यांच्या नावांपेक्षा केबलचा नकाशा आधी मागितला पाहिजे.

केबल टाकूनही निम्मे काम उरते, आणि ते राउटरमध्ये असते. राउटरला ‘अमुक दारानेच जा’ असे हाताने लिहून दिले, तर केबल पुढे दूरवर तुटली तरी कार्यालयातले यंत्र चालू असते, दार उघडेच दिसते, आणि राउटर सगळी माहिती त्या तुटक्या वाटेवर ढकलत राहतो. दुसरी लाइन शेजारी रिकामी पडलेली असते आणि खिडकीवर ‘सर्व्हर डाउन’चा कागद लागतो. वाट आपोआप निवडणाऱ्या ओएसपीएफसारख्या पद्धतीत दोन्ही टोकांचे राउटर एकमेकांची हजेरी घेतात, नेहमीच्या मांडणीत दर 10 सेकंदांनी. 40 सेकंद हजेरी आली नाही की ती वाट मेली असे धरून राउटर आपण होऊन दुसरीकडे वळतो. त्यासाठी कुणाला फोन करावा लागत नाही.

आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. सगळी वाहतूक एका केंद्रातून गेली तर नजर ठेवणे सोपे, हा सुरक्षेचा मुद्दा खरा. पण दुसऱ्या वाटेवरही कूटबद्ध बोगदा टाकता येतो आणि तो ठाण्यातल्या किंवा मुंबईतल्या त्याच तपासणीपाशी उघडता येतो. वाट बदलते, पहारा तोच राहतो. दुसरा आक्षेप अधिक नेमका : दुसरी वाट म्हणून शेजारचे तालुके जोडले तर एखाद्या लहान कार्यालयाच्या लाइनवर भलत्यांचाच भार येईल. यावर इलाज कॉन्फिगरेशनचाच आहे. प्रत्येक तालुक्याच्या राउटरने फक्त आपले नेटवर्क पत्ते जाहीर करावेत, आणि संकटकाळी आपत्ती कक्ष व दस्तनोंदणीला प्राधान्य मिळावे, हे आधीच लिहून ठेवता येते. मोबाइल इंटरनेटवर भागेल असे म्हणणाऱ्यांनी मुसळधार पाऊस आठवावा. वीज गेली की टॉवर बॅटरीवर किती वेळ टिकणार? तिसरा आधार म्हणून ते ठीक आहे. राहता राहिला खर्च. तो एकवीस लाइनींचा नाही. या पट्ट्यापुरती एक वेगळी वाट आणि राउटरची नीट मांडणी, एवढाच आहे.

जिल्हाधिकारी कार्यालयांत मान्सूनपूर्व तयारीच्या बैठका दर वर्षी होतातच. त्याच आठवड्यात, कामकाजाच्या वेळेत, अंबरनाथ तहसीलची मुख्य लाइन मुद्दाम काढावी, खिडकीवरचे काम किती मिनिटे थांबले ते मोजावे आणि तो आकडा जाहीर करावा.