टेबलावर अडलेला हक्क



मुंबईत समलिंगी आणि तृतीयपंथीयांचा प्राईड मोर्चा निघतो. पण आपल्या बीड जिल्ह्यात त्यांच्या पाठीशी कोणते कार्यालय उभे राहते?

माजलगावच्या पोलीस ठाण्यात महिला शिपाई म्हणून नोंद असलेल्या ललित साळवे यांनी २०१७ साली लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. अर्ज नाकारला गेला. उच्च न्यायालयाने त्यांना मॅटकडे जायला सांगितले. अखेर २०१८ च्या मे महिन्यात सरकारने परवानगी दिली, मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ते पुरुष शिपाई म्हणून कामावर परतले. आपले लिंग आपणच ठरवावे, हा तृतीयपंथीयांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच मान्य केला होता. तरीही इतके हेलपाटे!

परित्यक्तांच्या रेशनकार्डासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवताना मी शिकले, की हक्क अडतो तो टेबलावर. राज्य मानवी हक्क आयोग मुंबईत आहे; टेबल मात्र इथे आहे. बाईच्या देहावर तिचाच हक्क, असे म्हणणारी मी तेव्हा साळवेंसोबत नव्हते, हे कबूल करते. पुढचा अर्ज येईल तेव्हा त्या टेबलापाशी आपण सोबत असू ना?