कंट्रोल आपल्या हाती!

मैत्रिणींनो, दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे नवा कॉम्प्युटर आला. आला तो मुलांच्या अभ्यासासाठी. पण शाळेनं यंदा प्रश्नपत्रिका टाइप करून मागितल्या आणि माझ्यासारख्या अर्धवेळ शिक्षिकेलाही त्याच्यापुढे बसावं लागलं.

खरं सांगू? सासरच्या स्वयंपाकघरात पहिल्या दिवशी उभी राहिले होते ना, अगदी तशी गत! मीठ कुठल्या डब्यात नि साखर कुठल्या, काही कळेना. दर पाच मिनिटांनी मुलाला हाक. तो येई, पटपट चार बटणं दाबून निघून जाई. काम होई, शिकायचं मात्र राही.

एका रात्री सगळी निजल्यावर सातवीचा मराठीचा पेपर टाइप करत होते. शिफ्टऐवजी कंट्रोलवर बोट पडलं, पुढचं अक्षर दाबलं आणि अख्खं पान कोरं! दोन तासांची मेहनत गेली. डोळ्यांत पाणीच आलं. मुलाला उठवावं तर सकाळी त्याची परीक्षा. तेवढ्यात त्याचं बोलणं आठवलं, ‘आई, चुकलं तर कंट्रोल-झेड.’ भीत भीत दोनदा दाबलं, आणि काय सांगू, सगळा मजकूर जागच्या जागी!

दुसऱ्या दिवशी किराण्याच्या वहीत मागच्या पानावर लिहायलाच घेतलं. तुम्हीही उतरवून ठेवा.

कंट्रोल दाबून धरायचं आणि अक्षर नुसतं टिचकीसारखं दाबून सोडायचं. एस म्हणजे जपून ठेवणं. गॅसवरच्या दुधाकडे पाहतो ना, तसं हे अधूनमधून करायचंच. कारण न जपता फाइल बंद केली, तर झेडही वाचवत नाही. सी म्हणजे नक्कल, एक्स म्हणजे उचलणं, व्ही म्हणजे नव्या जागी ठेवणं. झेड, एक्स, सी, व्ही खालच्या ओळीत शेजारी शेजारीच आहेत, बरं का.

हे उचलणं-ठेवणं १९७० च्या दशकात अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात लॅरी टेसलर आणि टिम मॉट यांनी बसवलं, तेही पाठ्यपुस्तकांच्या संपादकांसाठी. म्हणजे आपल्या शाळेच्याच कामाचं!

आता खिडक्या. विंडोजची खूण असलेलं बटण धरून डावा बाण दाबला, की उघडी खिडकी अर्ध्या पडद्यावर सरकते. उजव्या बाणानं दुसऱ्या अर्ध्यावर. एकीकडे धडा, दुसरीकडे पेपर! ऑल्ट धरून टॅब दाबलं, की एका खिडकीतून दुसरीत जाता येतं. पसारा फार झाला तर विंडोज आणि डी. सगळं बाजूला, पुन्हा दाबलं की परत हजर. मराठी-इंग्रजी दोन्ही कीबोर्ड एकदा घालून घेतले, की विंडोज आणि स्पेसबारनं भाषा बदलते.

सगळं एकदम पाठ करू नका. रोज एकच घ्या आणि दिवसभर तेच वापरा. चुकायची भीती एकदा गेली, की हात आपोआप बसतो.

परवा पेपर वेळेवर शाळेत दिला. आता मुलाला हाक मारते ती फक्त जेवायला!