वहीवर सही करण्याआधी



कपाशी गुडघ्याला लागली, निंदणी-कोळपणीची धांदल सुरू झाली, की आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या कित्येक गावांत पाच-दहा तरुण मुलामुलींची तुकडी येऊन उतरते. डोक्यावर टोपी, गळ्यात ओळखपत्र आणि काखेत एक जाडजूड वही. सरपंच नारळ देऊन स्वागत करतात. मुलांना कृषीदूत म्हणायचे, मुलींना कृषीकन्या. गाव दोन दिवस कौतुकाने पाहते आणि तिसऱ्या दिवशी आपल्या कामाला लागते. पुढे काही आठवड्यांनी हीच मुले दारात येतात, "काका, एवढी सही करा" म्हणतात. आपण सही करतो, मुले चहा घेऊन निघून जातात.

आज त्या सहीविषयी बोलायचे आहे.

ही मुले पाहुणी नाहीत आणि सरकारी माणसेही नाहीत. बी.एस्सी. कृषीच्या चौथ्या वर्षाचे हे विद्यार्थी. त्यांच्या या कामाला ग्रामीण कृषी कार्यानुभव म्हणतात आणि त्याला परीक्षेइतकेच गुण असतात. शेतीची पदवी घेतलेल्या मुलाला पुस्तकातले सगळे येते, पण वावराच्या बांधावर शेतकऱ्यापुढे उभे राहिले की तोंडातून शब्द फुटत नाही, ही तक्रार फार जुनी. म्हणून १९९२ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने नेमलेल्या रंधावा समितीने सांगितले, की विद्यार्थ्याला एक सत्र गावात पाठवा. २०१५ साली केंद्राने हे काम 'स्टुडंट रेडी' या नावाखाली आणखी पक्के केले. आपल्याकडे १९६० साली सुरू झालेले धुळ्याचे कृषी महाविद्यालय आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाशी जोडलेली बाकीची महाविद्यालये याच नियमाने मुले पाठवतात.

आतापर्यंतच्या अभ्यासक्रमात हे सत्र वीस आठवड्यांचे. त्यात आठ आठवडे गावात, पाच आठवडे संशोधन केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात, दोन आठवडे पीक-दवाखान्यात, तीन आठवडे एखाद्या शेतीउद्योगात आणि बाकीचे तयारीला व अहवालाला. म्हणजे तुमच्या वाट्याला ती मुले दोन महिने आहेत. दोन महिन्यांत कपाशीला फुले-पात्या लागून बोंडे धरतात. एवढ्या काळात माणूस बरेच काही शिकू शकतो, किंवा नुसते फोटो काढू शकतो.

फोटोचे म्हणतो ते उगाच नाही. एका गावात मी गेलो तेव्हा बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक चालू होते. मागे मोठा फलक, पुढे घमेले, घमेल्यात सोयाबीन. मुलाने बियाण्याला आधी जिवाणू खत चोळले आणि वरून बुरशीनाशक. फोटो निघाला, टाळ्या झाल्या. ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या जिभाऊंनी विचारले, "हाई काय शे? मरतील ना ते जंतू!" मुलगा गप्प. जिभाऊंचे बरोबर होते. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी जिवाणू खत, सावलीत सुकवून लगेच पेरणी, हाच क्रम. शिवाय तेव्हा पेरणी होऊन महिना लोटला होता, ते सोयाबीन कोण पेरणार? असल्या प्रात्यक्षिकाच्या वहीवर सही मागितली तर हसतमुखाने म्हणावे, "बेटा, आधी बरोबर करून दाखव, मग सही." यात त्याचा अपमान नाही. उद्या हाच मुलगा कुणाला तरी औषध सांगणार आहे.

आता दुसऱ्या बाजूचे सांगतो. तापीकाठच्या एका गावात दोन कृषीकन्यांनी एका शेतकऱ्याच्या कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावले, हेक्टरी पाच या हिशेबाने. सापळे तर आपणही लावतो, पण लावून विसरतो. या मुली रोज सकाळी जात, अडकलेले पतंग मोजत आणि आकडा गावाच्या पारावर खडूने लिहीत. पहिले आठ दिवस लोक हसले. नंतर दूध घालायला जाणारा प्रत्येक जण पारापाशी थांबून आकडा वाचू लागला. एका सापळ्यात रात्रीला आठ पतंग, आणि तेही लागोपाठ तीन दिवस, असे झाले की फवारणीची वेळ आली असे समजतात. तो आकडा गाठला तेव्हा मुलींनी चार जणांना वावरात नेऊन मिटलेल्या गुलाबासारख्या डोमकळ्या उघडून आतली अळी दाखवली. शेजारच्या वावरांत तोवर दुकानदाराच्या सांगण्यावरून दोन-दोन फवारे होऊन गेले होते. २०१७ साली बोंडअळीने आपले काय केले ते ज्यांना आठवते, त्यांना त्या खडूच्या आकड्याची किंमत वेगळी सांगायला नको. त्या मुलींच्या वहीत फोटो थोडे होते, पण रोजचा आकडा होता. अशा वहीवर सही करताना हात अडखळत नाही.

मुले तुमच्या घरी आली की आणखी एक काम त्यांच्याकडून जरूर करून घ्या. त्यांना एका शेतकरी कुटुंबाचा जमाखर्च मांडायचा असतो. बहुतेक वेळा तो दहा मिनिटांत अंदाजाने भरला जातो. तसे होऊ देऊ नका. रात्री जेवणे झाल्यावर पोराला कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊ घाला, आणि मग एका एकर कपाशीचा हिशेब त्याच्याकडून ओळीने लिहून घ्या. नांगरटी, बियाणे, खत, निंदणी, फवारा, वेचणी, जिनिंगपर्यंतचे भाडे, सारे. त्यात एक रकाना असा असतो की आपण तो कधी भरत नाही, घरच्या माणसांची मजुरी. घरची लक्ष्मी पहाटे उठून वेचणीला जाते, म्हातारी आई बैलांना चारा घालते, मुलगा सुट्टीत पाणी धरतो. याचे पैसे आपण कुणाला देत नाही, म्हणून ते खर्चात धरत नाही. केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग ते धरतो. तुम्हीही एकदा धरून पाहा. 'सुटले' म्हणून आपण जे सांगतो त्यातले खरोखर किती सुटले आणि किती घरच्यांच्या अंगमेहनतीचे, ते त्या कागदावर दिसेल. माय-बहिणींनी या हिशेबाला जवळ बसावे, कारण त्या रकान्यातले बरेचसे आकडे त्यांनाच ठाऊक असतात.

आणि मुलाला त्यातून काय मिळते? ज्याने एका घराचा जमाखर्च असा मांडला, त्याला बँकेच्या मुलाखतीत पीककर्जाविषयी विचारले तर पाठ केलेले उत्तर द्यावे लागत नाही.

इथे मला त्या आईबापांशी बोलायचे आहे, ज्यांचीच मुले शेतीची पदवी घेत आहेत. अलीकडे गावोगाव एकच प्रश्न विचारतात. "साहेब, पोरगा म्हणतो, हे सत्र नुसते सह्यांचे असते, मी तोवर पुण्याला जाऊन राज्यसेवेच्या क्लासला बसतो. पाठवू का?" माझे उत्तर स्पष्ट आहे, पाठवू नका. लोकसेवा आयोगाची कृषी सेवा परीक्षा, बँकांमधली कृषी अधिकाऱ्यांची भरती, हे मार्ग चांगले आहेत आणि ज्याला जायचे त्याने जरूर जावे. पण जागा मोजक्या आणि अर्ज भरणारे हजारो. त्या परीक्षेचा अभ्यास पदवीनंतरही करता येतो. गावात राहून शेतकऱ्याचे ऐकून घेण्याची, संशोधन केंद्रात रोज उभे राहण्याची सवलत पुन्हा मिळत नाही. दहा-दहा हजार रुपये खोलीभाड्याला पाठवणारा बाप कपाशी विकून ते पाठवतो, हे पोराने विसरू नये.

संशोधन केंद्राचेच पाहा. शेंगदाण्याचे जे.एल. २४ हे वाण जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातून निघाले आणि पुढे आफ्रिकेतल्या मलावीपर्यंत पेरले गेले. लोह आणि जस्त जास्त असलेला 'आदिशक्ती' हा बाजरीचा संकरित वाण धुळ्याच्या बाजरी संशोधन योजनेचा. निवड कशी करतात, नोंद कशी ठेवतात, एका ओळीत किती रोपे टाकून द्यावी लागतात, हे अशा ठिकाणी पाच आठवडे डोळे उघडे ठेवून पाहिलेल्या मुलाला बियाणे कंपनीत किंवा स्वतःच्या बीजोत्पादनात उपयोगी पडतेच. उद्योगातल्या तीन आठवड्यांसाठीही आपल्याला लांब जायला नको. जळगावात ठिबक संच आणि केळीची उतिसंवर्धित रोपे तयार होतात, डाळमिल आहेत. रावेर-सावद्याकडे केळीची चढाई कशी चालते, भाव कोण ठरवतो, फणीला डाग पडला तर किती कापतात, हे तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

नोकरी हाच एक रस्ता नाही. खत-औषधाच्या दुकानाच्या परवान्यासाठी आता शिक्षणाची अट आहे, आणि शेतीची पदवी त्या अटीत बसते. आपल्या तालुक्यात चांगला सल्ला देणारे दुकान नाही अशी आपण नेहमी तक्रार करतो. ते दुकान आपल्याच मुलीने का काढू नये? २००२ साली केंद्राने कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्राची योजना काढली. त्यात शेतीच्या पदवीधराला ४५ दिवसांचे प्रशिक्षण मिळते आणि पुढे बँकेच्या कर्जाचा मार्ग दाखवतात. शेतकरी उत्पादक कंपन्यांना हिशेब समजणारा आणि वावरही समजणारा माणूस लागतो, तो सहज मिळत नाही. ज्या मुलाने दोन महिने एका गावात लोकांचा विश्वास कमावला, त्याला पहिली दहा गिऱ्हाइके तिथेच मिळतात.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ पासून आलेल्या मुलांचा अभ्यासक्रम बदलला आहे. त्यात पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर दहा आठवड्यांचे प्रत्यक्ष काम करून प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. घरात अडचण आली तर उपयोगी पडेल, पण शक्य असेल तर पदवी पुरी करावी.

मुलींविषयी दोन शब्द. कृषीकन्या म्हणून मुलगी परक्या गावी राहणार, याची वडिलांना काळजी वाटते, आणि ती वाटावीच. काळजी करून मुलीला घरी बसवण्यापेक्षा आधी जाऊन ते गाव पाहून यावे. राहण्याची खोली, न्हाणीघर, पाणी आणि शेजारी कोणती बाई राहते, एवढे पाहिले की निम्मी काळजी जाते. कार्यक्रम अधिकाऱ्यांचा फोन नंबर लिहून घ्यावा. आणि ज्या गावात मुली येतात तिथल्या आयाबायांनी त्यांना एकदा तरी घरी जेवायला बोलवावे. गोठ्यातले, परसबागेतले आणि घरातल्या बियाण्याच्या मडक्यातले ज्ञान त्यांना तुमच्याकडूनच मिळायचे आहे. पुरुषांना विचारून ते मिळत नाही.

तुकडी गावात आली की पहिल्याच आठवड्यात तिला तीन कामे नेमून द्यावीत. एक, मातीचे नमुने. वावरात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा घेऊन, बांधाजवळची आणि उकिरड्याजवळची जागा सोडून नमुना घ्यावा, तुमच्या हातात नमुन्याचा क्रमांक द्यावा, आणि तपासणीचा कागद आल्याशिवाय गाव सोडू नये. दोन, कपाशीतले किंवा केळीतले रोजचे निरीक्षण, पारावर लिहून. केळीच्या पट्ट्यात असाल तर विषाणूग्रस्त झाडे शोधून ती उपटायला लावणे हेच मोठे काम आहे. तीन, वर सांगितलेला जमाखर्च, निदान पाच घरांचा.

सही शेवटच्या दिवशी न करता दर आठवड्याला करावी, आणि तिच्या वर आपल्या हाताने एक ओळ लिहावी, या आठवड्यात मुलांनी काय केले. लिहिता येत नसेल तर नातवाकडून लिहून घ्यावी. मूल्यमापनाला येणारे प्राध्यापक ती ओळ वाचतात.

तुमच्या गावात अजून कोणी आले नसेल आणि तुकडी यावी असे वाटत असेल, तर ग्रामपंचायतीचे पत्र जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या प्राचार्यांना उन्हाळ्यातच द्यावे. पत्रात पिके कोणती, मुलामुलींच्या राहण्याची वेगवेगळी सोय काय आणि आठ आठवडे वावर वापरायला देणारे शेतकरी कोण, हे लिहावे. गावांची निवड पावसाळ्याच्या तोंडावर होते.