व्हिडिओला उत्तर कोण देणार?

रात्री मेसची जेवणं आटोपली की आपल्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमधून एक चक्कर मारून बघा. एका रूममध्ये क्रिकेट, दुसरीत गेटची लेक्चर्स, आणि तिसरीत कोणीतरी कानात इअरफोन खुपसून जर्मन नाहीतर जपानीचा व्हिडिओ बघत पडलेला. मान हलते, वहीत शब्द उतरतात, ओठ मात्र मिटलेले! तीन महिन्यांनी त्याला विचारा, "काय रे, कुठपर्यंत आलं जर्मन?" तो म्हणतो, "समजतं सगळं, बोलता येत नाही." माझं सगळं भांडण या एका वाक्याशी आहे.

व्हिडिओंना नावं ठेवायची म्हणून हे लिहीत नाहीये. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, रानडे इन्स्टिट्यूट आहे. नांदेड-लातूरच्या पोरांनी काय करायचं? दर रविवारी रात्रभर ट्रॅव्हल्सने जायचं की तिथे रूम भाड्याने घ्यायची? आपल्यासाठी दार उघडलं ते मोबाईलनेच. जर्मन रेडिओ 'डॉइचे वेले'ची 'निकोस वेग' ही मालिका फुकट आहे. स्पेनहून जर्मनीत आलेला निको पहिल्याच दिवशी बॅग हरवून बसतो आणि आपण त्याच्याबरोबर शिकत जातो. कुठल्याही छापील पुस्तकापेक्षा ते मला बरं वाटलं. कारण माणसं कशी अडखळतात, हात कसे हलवतात, हे पुस्तकात दिसत नाही. वेग कमी करता येतो, तेच वाक्य दहा वेळा ऐकता येतं, व्हिडिओ एकदाही वैतागत नाही. वैतागत नाही, तसा दुरुस्तही करत नाही!

आता परीक्षेचं बघा. जपानीची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. तिच्यात वाचन, व्याकरण, ऐकणं सगळं आहे, पण बोलणं नाही. सगळे पर्याय निवडायचे. म्हणजे आमच्या लातूर पॅटर्नला एकदम फिट! पेपर सोडवा, पुन्हा सोडवा, चुका मोजा, पुन्हा सोडवा. मी लातूरचाच आहे, त्यामुळे हे अभिमानाने म्हणतो, की एन-५ आणि एन-४ आपण असे सहज काढू. पण जर्मनची बी-१ परीक्षा घेतली की गाडी अडते. तिथे तोंडी परीक्षेत दोन उमेदवार समोरासमोर बसतात आणि एखादा कार्यक्रम मिळून ठरवतात. मग एक जण विषय मांडतो, दुसरा त्याला प्रश्न विचारतो. आता सांगा, ही तयारी एकट्याने इअरफोन लावून कशी होणार?

आणि हा प्रश्न हौसेचा राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, दहा हजार तरुण पाठवायचे म्हणून. त्यात भर होता नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, ड्रायव्हर यांच्यावर. म्हणजे शेजारच्या आयटीआयचा पोरगा भाषा शिकून विमानात बसायला निघालाय आणि आपण इंजिनिअर 'समजतं सगळं' म्हणत बसलोय.

आपल्या भागाला भाषा शिकवायला कोण लागतं हो? गुरुद्वाऱ्याच्या परिसरात पंजाबी कानावर पडते, धर्माबाद-देगलूरकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, आणि दखनी तर सगळीकडेच. ज्यांना या भाषा येतात त्यांनी व्याकरणाचं पुस्तक कधी उघडलंय? गिऱ्हाईक समोर उभं असतं, भाव सांगावा लागतो, चुकलं तर ते हसतं, आणि दुसऱ्या दिवशी आपण बरोबर बोलतो. जर्मन-जपानीचा बाजार नांदेडात भरत नाही, एवढीच अडचण. व्हिडिओ त्या बाजाराचा आवाज आणून देतो. गिऱ्हाईक आपल्याला उभं करावं लागेल.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हे बहुतेक व्हिडिओ आपण इंग्रजीतून बघतो, आणि तिथे उगाच वळसा पडतो. 'डेअर, डी, डास' ही तीन लिंगं म्हणजे इंग्रजीवाल्याला संकट. आपल्याला काय त्याचं? मेसच्या टेबलावर बघा, तो चमचा, ती वाटी, ते ताट! जर्मनमध्ये मुलगी, म्हणजे 'मेडशेन', नपुंसकलिंगी असते म्हणून इंग्रज हैराण. आपल्याकडे 'ते पोरगं' म्हणतातच की. (कुठल्या शब्दाला कुठलं लिंग, ते पाठच करावं लागतं. त्यातून सुटका नाही.) 'वाइल इश फीबर हाबे', म्हणजे 'कारण मला ताप आहे'. क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच. 'त्साइट' म्हणजे वेळ. त्यातला 'त्स' म्हणजे आपल्या 'चाक'मधला च! इंग्रजी व्हिडिओत त्यावर पाच मिनिटं जातात.

जपानी तर विचारूच नका. 'वाताशी वा लातूर कारा किमाशिता.' मी लातूरहून आलो. शब्दाला शब्द लावून बघा, क्रमसुद्धा बदलत नाही, आणि 'हून'सारखा 'कारा' नामाच्या मागेच चिकटतो. असं असताना आपण मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून जपानीत का जायचं? व्हिडिओ इंग्रजीतला असू द्या, पण वहीत अर्थ मराठीत लिहा, आणि एकमेकांना मराठीतून समजावा.

एकमेकांना म्हटलं, कारण याचं उदाहरण मराठवाड्यातच आहे. औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या गाडीवाट गावची जिल्हा परिषद शाळा! २०१९ मध्ये तिथल्या चौथी ते आठवीच्या मुलांना कोणती भाषा शिकायची ते विचारलं. रोबोट आणि तंत्रज्ञानाची आवड, म्हणून बहुतेक मुलं म्हणाली, जपानी. शिकवायला कोणी नव्हतं. शिक्षकांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराचं ॲप घेऊन सुरुवात केली. २०२० मध्ये शहरातले एक भाषातज्ज्ञ ऑनलाइन फुकट शिकवू लागले. सगळ्यांच्या घरी स्मार्टफोन कुठला असायला? मग ज्याने तास बघितला तो न बघितलेल्याला शिकवणार, असे 'विषयमित्र' केले. माझ्या मते खरी चावी तिथे आहे. जो दुसऱ्याला शिकवतो त्याला तोंड उघडावंच लागतं.

आपल्याकडे तर प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, आणि विषयमित्र शेजारच्या कॉटवर झोपलेला आहे!

म्हणून माझं मागणं छोटं आहे. रेक्टर सरांनी कॉमन रूम आठवड्यातून तीन दिवस रात्री नऊ ते दहा द्यावी. पहिली वीस मिनिटं सगळ्यांनी मिळून एकच भाग बघायचा, तोही दोनदा. उरलेली चाळीस मिनिटं व्हिडिओ बंद, फोन खिशात, आणि जोड्या करून बोलायचं. निकोने बॅग कुठे हरवली, पोलीस स्टेशनला काय सांगशील, उद्या मेसला काय असेल. शिकलेले सिनियर असतील त्यांनी फक्त चुका टिपायच्या, हसायचं नाही. (थोडं हसलं तरी चालेल.) ज्या सरांनी कधीकाळी पुण्यात जर्मन केलंय त्यांनी महिन्यातून एकदा डोकावावं, तोंडी परीक्षा घ्यावी. खर्च शून्य. प्रोजेक्टर बिघडलेला असला तर पूर्वेकडची भिंत पांढरीच आहे, आणि कोणाचा तरी लॅपटॉप असतोच. जर्मनसाठी सहा नावं माझ्याकडे आली आहेत, जपानीसाठी चार. अजून कोणाला यायचं असेल तर माझ्या रूमच्या दारावर कागद लावलाय, त्यावर नाव टाका.