विश्लेषण : मंत्रालयातील प्रवेश कडक झाला, जागाही वाढणार, पण गर्दी कमी होईल का?

मंत्रालयात जायचे तर आता मोबाइलवर नोंदणी, चेहऱ्याची पडताळणी आणि प्रवेशपत्र अशा पायऱ्या पार कराव्या लागतात. दुसरीकडे अपुऱ्या जागेवर उपाय म्हणून राज्य सरकारने नरिमन पॉइंटची एअर इंडिया इमारत घेण्याचा निर्णय घेतला. या दोन्ही उपायांनी मूळ प्रश्न सुटेल का?

सुरक्षा वाढवण्याची वेळ का आली?

जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातील एका वृद्ध शेतकऱ्याने संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून अखेर मंत्रालयातच विष घेतले. उपचारादरम्यान त्यांचा मृत्यू झाला. पुढच्याच महिन्यात एका व्यक्तीने वरच्या मजल्यावरून उडी मारून जीव दिला. त्यानंतर मधल्या मोकळ्या जागेत संरक्षक जाळी बसवण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ आणि काही आदिवासी आमदारांनीच आंदोलन म्हणून या जाळीवर उड्या घेतल्या. जीव वाचवण्यासाठी लावलेली जाळी लक्ष वेधण्याचे साधन ठरली.

आता प्रवेश कसा मिळतो?

२०२५ मध्ये प्रवेशद्वारांवर चेहरा ओळखणारी यंत्रणा आली. अभ्यागतांना ‘डिजिप्रवेश’ अ‍ॅपवर नोंदणी करावी लागते. ज्या विभागात काम आहे, तिथपर्यंतच जाण्याची मुभा असते. सर्वसाधारण अभ्यागतांसाठी दुपारी दोननंतरची वेळ आहे. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी खिडकीची सोय ठेवण्यात आली. मात्र गडचिरोली किंवा नंदुरबारहून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला दोननंतर आत गेल्यावर संबंधित अधिकारी बैठकीत असल्याचे कळले, तर त्याचा दिवस वाया जातो.

जागेचा प्रश्न काय आहे?

मुख्य इमारत १९५५ पासून वापरात आहे. २१ जून २०१२ च्या आगीत पाच जणांचा मृत्यू झाला, वरचे मजले जळाले आणि असंख्य फाइल्स नष्ट झाल्या. काही विभाग तेव्हा इतरत्र हलवावे लागले. अनेक सरकारी कार्यालये भाड्याच्या जागेत आहेत. म्हणूनच २३ मजली एअर इंडिया इमारत १,६०१ कोटी रुपयांना घेण्याचे ठरले. मार्च २०२४ मध्ये केंद्राने त्यास मंजुरी दिली. विखुरलेली कार्यालये जवळ आली तर फाइल आणि नागरिक, दोघांचीही पायपीट कमी होईल. परंतु नवी इमारत म्हणजे नवे प्रवेशद्वार आणि नवा बंदोबस्तही.

लोक मुंबईलाच का येतात?

याचे एक कारण अधिकारांच्या रचनेत आहे. जमिनीचे प्रकरण तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त अशा पायऱ्या चढत शासनापर्यंत येऊ शकते. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला. त्यात ठरावीक मुदत, अपील आणि दंडाची तरतूद आहे. पण तो अधिसूचित सेवांपुरताच, म्हणजे मुख्यतः दाखले, परवाने आणि नोंदींपुरता. अडलेला मोबदला किंवा रखडलेली नियुक्ती यांना त्याचा फारसा आधार मिळत नाही. २०२० मध्ये विभागीय पातळीवर मुख्यमंत्री सचिवालयाचे कक्ष सुरू झाले. तेथे अर्ज स्वीकारला जातो, मात्र निर्णयाचा अधिकार मूळ विभागाकडेच राहतो.

पुढे काय?

कडेकोट सुरक्षा आवश्यक आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु नव्या प्रवेश व्यवस्थेत एक संधीही दडली आहे. कोण, कुठून, कोणत्या विभागात आणि कितव्यांदा आले, याची नोंद आता सरकारकडे जमा होते. एकाच कामासाठी तिसऱ्यांदा येणारा माणूस सुरक्षेच्या दृष्टीने केवळ एक अभ्यागत असतो. प्रशासनाच्या दृष्टीने तो खालच्या कार्यालयात अडलेल्या फाइलचा पुरावा असतो. ही नोंद जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत पोहोचली आणि तिथेच उत्तर देण्याची सक्ती झाली, तर दारावरचा ताण आपोआप कमी होईल. अन्यथा रांग एका इमारतीऐवजी दोन इमारतींसमोर लागेल.