अंदाजाने मीठ

पूर्वी परदेशची निकडीची बातमी तारेने येई, आणि तारवाला दारात दिसला की बायका आधी देवापुढे निरांजन लावीत. आता पेण-रोह्याकडच्या घरांत रात्री साडेदहाला फोन वाजतो आणि दुबईचे नाहीतर जर्मनीचे चिरंजीव विचारतात, "आई, वालांचे पाणी ओतून टाकू ना गं?"

"टाक बाबा, कडू असते ते."

"आणि मीठ किती?"

"अंदाजाने घाल."

या 'अंदाजाने'पाशी सगळे घोडे अडते. एंजिनीअरिंग पहिल्या वर्गात पास झालेल्या मुलाला अंदाज म्हणजे किती ग्रॅम, ते कोण सांगणार? आईची मापे चिमूट, मूठ आणि ओंजळ. आणि ती आईच्याच हाताची! मुलग्यांना स्वयंपाकघरात फिरकू न देण्याची आपली जुनी ऐट अशी सातासमुद्रापार उघडी पडते, हे मी स्पष्टच सांगते. मुलींचेही काही निराळे नाही, त्याही आता अभ्यास करूनच मोठ्या होतात.

पुस्तके नाहीत असे नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' १९१० सालचे. पुढे १९७० साली कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याची मापे दिली आणि परदेशी निघालेल्या कितीतरी मुलींच्या ट्रंकेत ते पुस्तक जाऊन बसले. पण आपल्या घरचे बिरडे कुठल्या पुस्तकात सापडायचे?

बिरड्याचेच घ्या ना. कडवे वाल आठ-दहा तास भिजवायचे, उपसून ओल्या फडक्यात बांधायचे. रोह्याच्या दमट हवेत एका दिवसात मोड येतात. तिकडच्या थंडीत पुरचुंडी दोन दिवस तशीच! मग कुणीतरी युक्ती काढली: भट्टी बंद ठेवून तिच्या आतला दिवा तेवढा लावायचा आणि पुरचुंडी आत ठेवायची. तेवढ्या उबेने मोड येतात. पुढे कोमट पाण्यात घालून साले काढायची, हे मात्र सगळीकडे सारखेच. डाळिंब्या मंद आचेवर शिजवायच्या आणि सारखा डाव फिरवायचा नाही, म्हणजे मोडत नाहीत.

पोळीचे दुखणे वेगळे. तिकडे साधे पीठ म्हणून मिळते ते कोंडा काढलेले, आपल्या मैद्याच्या जातीचे. आपली कणीक जात्याच्या दगडात चुरडलेली असल्यामुळे पाणी जास्त पिते. आईने सांगितलेले पाणी त्या पिठात ओतले, की परातीत खळच होते! फोडणीचीही तीच कथा. मोहरी तडतडून हिंग-मिरचीचा धूर वर गेला, की छताला लावलेली आगीची घंटा ठणाणा करते. शेजारी धावून येतात. आपल्याकडे फोडणीच्या वासाने शेजारीण येते ती वाटी घेऊन.

पेणचे पोहे, पापड आणि मिरगुंडे बॅगेत जातात, आमसुले जातात. पोपटी मात्र जात नाही. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, उपडे मडके आणि भोवती शेताचा बांध हे काही वजन करून पाठवण्यासारखे नाही!

माझ्या ओळखीच्या रोह्याच्या एका बाईंनी मुलाच्या आग्रहाखातर मापे लिहायला घेतली. वय ७६, एका डोळ्याला दिसत नाही. चिमूट आधी चमच्यात सोडायची, सुनेने वहीत टिपायचे आणि मग ती पातेल्यात. पहिल्याच दिवशी बिरडे अळणी झाले. लक्ष चमच्याकडे, पातेल्याकडे कोण बघणार? सून म्हणाली, "आई, तुम्ही नेहमीसारखे घाला. मी मिठाचा डबा आधी आणि नंतर तोलते." मुलाने इकडचा जुना काटा हसण्यावारी नेला होता, तोच आता ओट्यावर असतो. चार माणसांच्या बिरड्याचे मीठ असे तीनदा तोलले. तिन्ही वेळा निराळे भरले आणि तिन्ही वेळा बिरडे चांगले झाले. सुनेने तिन्ही आकडे वहीत लिहिले आणि पुढे स्वतःच्या मनाने जोडले: "वाल जुने असले तर किंचित जास्त. वाफ आली की चव घेऊन बघावी."

दसऱ्यापर्यंत निम्मी वही भरली. पानगे अजून राहिलेत, कारण सुनेला हळदीची कोवळी पाने हवी आहेत, आणि ती आता पुढच्या पावसाळ्यातच मिळायची.