नाणं एक, तिजोऱ्या अनेक

मंडळी, आमचा एक भाचा बरीच वर्षं जर्मनीत आहे. सुट्टीत आला की त्याचा-माझा एक वाद ठरलेला. "मामा, ते ग्रीक लोक आळशी. आम्ही टॅक्स भरायचा आणि त्यांनी समुद्रावर ऊन खात बसायचं! असल्या युरोपियन युनियनचा उपयोग काय?" या वेळी जेवताना मी गप्प बसलो (बहिणीने डोळे वटारले म्हणून). उत्तर इथे देतो. तो हा ब्लॉग वाचतो, मला ठाऊक आहे.

आधी आळसाचं बघू. ओईसीडीचे आकडे काढून पाहा. ग्रीक माणसाचे वर्षाचे कामाचे तास जर्मन माणसापेक्षा जास्त भरतात. जर्मनीत अर्धवेळ नोकऱ्या पुष्कळ, ग्रीसमध्ये स्वतःचं दुकान-शेती सांभाळणारे पुष्कळ, म्हणून फरक मोठा दिसतो हे मान्य. पण आळस त्यातून कसा काढायचा?

ग्रीक सरकारने हिशेब लपवले, हे मात्र खरं. २००९ च्या ऑक्टोबरात नवं सरकार आलं आणि तूट सांगितली होती त्यापेक्षा कितीतरी जास्त निघाली. त्याची बाजू मी घेणार नाही. पण तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांवर जाऊ द्यायची नाही हा मास्ट्रिख्ट कराराचा नियम २००३ साली खुद्द जर्मनी आणि फ्रान्स मोडत होते. त्यांच्यावरची कारवाई अर्थमंत्र्यांनी मिळून थांबवली. पहिल्या बाकावरची मुलं कॉपी करतात तेव्हा मास्तर खिडकीबाहेर बघतात, तसलाच प्रकार!

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. एकत्र कुटुंब म्हणायचं, नाणं एक करायचं, आणि तिजोऱ्या मात्र ज्याच्या त्याच्या. ग्रीसचं द्राख्मा होतं तेव्हा देश अडचणीत आला की नाण्याची किंमत उतरायची, तिथला माल आणि पर्यटन स्वस्त व्हायचं, बाहेरून गिऱ्हाईक यायचं. त्रास व्हायचा, महागाई यायची, पण वाट होती. २००१ मध्ये ग्रीस युरोत शिरला आणि ती वाट बंद झाली. व्याजदर ठरणार फ्रँकफुर्टला. नाणं उतरवता येत नाही, मग काय उतरवायचं? पगार आणि पेन्शन. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

दरम्यान जर्मन आणि फ्रेंच बँकांनी ग्रीसला भरपूर कर्ज दिलं होतं, तेही जवळजवळ जर्मनीच्याच व्याजदराने. सगळं बुडायला आलं तेव्हा २०१० मध्ये ११० अब्ज युरोचं पहिलं पॅकेज आलं. ती देणगी नव्हती, कर्ज होतं. आणि त्यातला मोठा भाग जुन्या सावकारांची देणी फेडण्यात गेला. म्हणजे भाचेराव, तुमच्या सरकारने वाचवल्या त्या बऱ्याचशा तुमच्याच बँका.

ग्रीसची अर्थव्यवस्था पुढे जवळजवळ पाव भागाने आक्रसली. २०१३ मध्ये दर चार कामकऱ्यांत एकाहून जास्त बेकार, तरुणांत तर निम्म्याहून जास्त. २०१५ च्या उन्हाळ्यात एटीएममधून दिवसाला साठ युरो मिळायचे. ५ जुलैला सार्वमत झालं, ६१ टक्के लोकांनी सावकारांच्या अटी नाकारल्या. आठवड्याभरात त्याच सरकारने अटी मान्य केल्या. मी नागरिकशास्त्र शिकवलं आहे, हे लोकशाहीच्या कोणत्या धड्यात बसवायचं ते मला अजून कळलेलं नाही.

"मग मोडा की युनियन!" असं कोणी म्हणेल. नाही. १८७०, १९१४, १९३९. सत्तर वर्षांत फ्रान्स आणि जर्मनी तीनदा एकमेकांवर तुटून पडले. १९५१ मध्ये सहा देशांनी कोळसा आणि पोलाद एका व्यवस्थेखाली आणलं, म्हणजे तोफा ज्याच्यापासून होतात तेच सामायिक केलं. त्यानंतर या दोघांत युद्ध नाही. आणि ब्रिटनचा दाखला मला देऊ नका. २०२० मध्ये बाहेर पडलेल्या ब्रिटनने युरो कधी घेतलाच नव्हता, त्याचा पौंड त्याच्याच खिशात होता.

युनियन जास्त झाली असं मला वाटत नाही, ती अर्धी राहिली. आपल्याकडे रुपया एक आहे, तशी केंद्राची तिजोरीही आहे. वित्त आयोगाच्या हिशेबाने केंद्राच्या वाटपयोग्य करांतले ४१ टक्के राज्यांना जातात आणि बिहारला महाराष्ट्रापेक्षा जास्त मिळतात. आपण कुरकुरतो, भाचाही इथे असता तर कुरकुरला असता. पण पाटण्याच्या शिक्षकाची पेन्शन कापा, मगच पैसे देऊ, असं मुंबई म्हणत नाही. युरोपियन युनियनचं स्वतःचं बजेट सगळ्या देशांच्या उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास. त्यात कोणाला सावरणार?

हे त्यांनाही कळलं, पण उशिरा. कोरोनात, २०२० च्या जुलैत, सगळ्यांनी मिळून ७५० अब्ज युरोचं सामायिक कर्ज काढायचं ठरवलं आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग चक्क अनुदान म्हणून वाटायचं ठरलं. जर्मनीने हो म्हटलं! दहा वर्षांपूर्वी ग्रीससाठी हेच करता आलं असतं. अर्थात हे एकदाच, पुन्हा नाही, असंही लगेच बजावून झालं.

ते कर्ज २०५८ पर्यंत फेडायचं आहे. तेव्हा मी नसेन. तू पेन्शनीत असशील भाच्या, आणि टॅक्स तेव्हाही भरत असशील. पुढच्या सुट्टीत ये, पण वाद जेवणानंतर. बहिणीची आज्ञा आहे.